फोटोतलं बाळ कधीच चालायला लागलं

काल लेकीचा जन्मदाखला हातात आला. आईच्या रकान्यात माझं नाव, वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं. ती घरी आली मे २०२२ मध्ये, पाच महिन्यांची असताना. आता ती जिना चढते.

दत्तक म्हटलं की लोकांना वाटतं, बाळ घरी आलं म्हणजे संपलं. "आता कसली वाट बघताय, मूल तर आलं ना घरी!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी नुसतं हसायचे. कागदोपत्री ती आमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी होती. दत्तक आदेश निघेपर्यंत कायद्याने ती आमची नाही. सह्या करताना हे वाचलं होतंच, पण अंगावर आलं ते दवाखान्यात. लसीच्या कार्डावर दत्तक संस्थेने ठेवलेलं नाव होतं. नर्सने ते पुकारलं. आम्ही दोघं ढिम्म. तिने परत पुकारलं, तर नवरा मागे वळून बघतोय, कुणाचं बाळ आहे म्हणून! तिसऱ्या हाकेला माझी ट्यूब पेटली. नर्सने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली काही नाही. पुढच्या वेळी मी अर्धा तास आधीपासून ते नाव मनात घोळवत बसले होते.

आमच्या प्रकरणाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. संस्थेने जुलै २०२२ मध्ये कोर्टात अर्ज दाखल केला. बाल न्याय कायद्यात लिहिलंय की अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल लागावा. आम्ही भाबडे, कॅलेंडरवर सप्टेंबरात गोल करून ठेवला. आणि नेमक्या १ सप्टेंबरला सुधारित कायदा लागू झाला. दत्तक आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देणार, आणि कोर्टात पडून असलेली प्रकरणंही तिकडेच जाणार. कशासाठी, तर काम लवकर व्हावं म्हणून! कोर्टात विचारलं तर "फाइल तिकडे जाणार." तिकडे विचारलं तर "आमच्याकडे अजून काही आलेलं नाही." जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं वळवायला स्थगिती दिली, तेव्हा कुठे आमची फाइल जागची हलली. म्हणजे होती तिथेच राहिली, पण निदान कुणाची आहे ते ठरलं.

आदेश न्यायाधीशांनी द्यावा की जिल्हाधिकाऱ्यांनी, यावर माझं काही ठाम मत नाही. दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडचं मला थोडं थोडं पटतं. पण अर्ध्यावर आलेली प्रकरणं उचलून दुसरीकडे न्यायची हे ठरवताना, त्या फायलींमधली मुलं ऑलरेडी कुणाच्या तरी घरात रांगतायत, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल?

तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. समाजसेविका घरी आल्या, कपाटं सोडून सगळं बघितलं, आमच्या भांडणांबद्दलसुद्धा विचारलं. विचारायलाच हवं. रीतसर स्वाधीन केलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, तेही योग्यच. त्या दिवसांत कुणीतरी काहीतरी विचार करत असतं. पण टेबलावर पडून असलेल्या फायलीचा विचार कोण करत असतं? ती दिरंगाई. तिला काळजी म्हणू नका.

या काळात काय काय अडलं? विम्यात नाव घालता येईना, पासपोर्टचा तर विषयच नको. पण खरं सांगू का, त्याचा त्रास कमीच. खरा त्रास फोनचा. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा. घेऊन गेले तर? असं होत नाही हे मला माहीत होतं, संस्थेतल्या ताईंनी दहादा सांगितलं होतं. रात्री तीन वाजता ते माहीत असून काही उपयोग नसतो.

या वाटेवर असलेल्यांनी मला इनबॉक्समध्ये विचारलंय, तुम्ही कसं निभावलंत. फार काही केलं नाही. एक वही केली. कधी गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, पुढची तारीख काय. वहीत लिहिताय हे दिसलं की समोरचा माणूस "बघू" ऐवजी तारीख सांगतो, हा अनुभव. चौकशीला फक्त नवऱ्याला पाठवायचं ठरवलं, कारण मी खिडकीशी रडते आणि रडण्याने झेरॉक्सही लवकर निघत नाही. आणि घरात आठवड्यातून एकच दिवस या विषयाचा. तो नियम मीच सगळ्यात जास्त मोडला.

सुनावणीच्या दिवशी फाइल उघडली तेव्हा वर तिचा फोटो होता. बिनदाताचा, टक्कल असलेला. आणि प्रत्यक्षातली बाई माझा हात सोडवून बाकाखाली शिरत होती.

दाखल्यात नवऱ्याच्या नावाची वेलांटी चुकलीय. दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, सोमवारी बोलावलंय. वही परत काढलीय.