पैसे पाण्यात

आमच्या दाजींचं एक आवडतं वाक्य आहे. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात." २०२२ च्या जूनमध्ये आम्ही सांगलीहून पुण्याला आलो, तेव्हा टेम्पोतलं सामान उतरायच्या आधी त्यांनी ते ऐकवलं. नंतर दर दिवाळीला, दर राखीपौर्णिमेला. परवा भाचीच्या वाढदिवसाला पुन्हा म्हणाले. तोंडात केक होता, बोललो नाही. आज लिहितो. दाजी फेसबुकवर नाहीत, पण ताई आहे. ती दाखवेलच.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. पैसे पाण्यात जाणं म्हणजे काय हे आम्हाला वाक्प्रचार म्हणून शिकायची गरज पडली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या खोलीत भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती, अण्णांनी ती रंग देतानाही मुद्दाम तशीच ठेवली होती. १९ ची रेघ तिच्याही वर गेली. घर आमचं स्वतःचं, आजोबांच्या वेळचं, एक रुपया कर्ज नाही. फ्रीज, गाद्या, आईची शिलाई मशीन, सगळं गेलं. तेव्हा स्वतःच्या घरात पैसे सुरक्षित असतात आणि भाड्याच्या घरात वाहून जातात, हे मला जरा कमीच पटतं.

तर झालं असं. माझी नोकरी चाकणला लागली. बायकोनं सांगलीतली शाळा सोडली, इथं शोधू म्हणाली. मुलगी दुसरीत. चाकणला जायचं म्हणून मोशी बघितली. आठ दिवसांत तीन एजंट, अकरा सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅट ही एक गंमतच असते. त्यात पलंग नेहमी जरा आखूड करून घेतलेला असतो, खोली मोठी दिसावी म्हणून. मी झोपून बघितलं, पाय बाहेर आले. दाखवणारी मुलगी हसली, पण विषय बदलला.

एक टूबीएचके आवडला. किंमत ६० लाख, ताबा दीड वर्षानं. तेवढाच मोठा तयार फ्लॅट त्याच रस्त्यावर १७ हजार भाड्यानं मिळत होता.

रात्री बायकोनं वहीत हिशोब मांडला. ती गणिताची शिक्षिका आहे, तिच्यापुढं मी गप्प असतो. बँक ८० टक्के देणार, म्हणजे कर्ज ४८ लाख. १२ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळं जीएसटी ५ टक्के, ३ लाख. हे वरचे साडेसात लाख बँक धरत नाही, ते खिशातूनच. त्यातला एक रुपया घराच्या किमतीत जमा होत नाही आणि उद्या घर विकलं तर परतही येत नाही. एकूण साडेएकोणीस लाख हातात पाहिजेत. आमच्याकडं चौदा होते. उरलेल्यासाठी अण्णा त्यांची एफडी मोडायला तयार होते. इथं मला पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं.

व्याज तेव्हा साडेसातच्या आसपास होतं, पण दर चढायला लागले होते म्हणून तिनं साडेआठ धरलं. वीस वर्षं, हप्ता ४१,६५५. पहिल्या हप्त्यातलं व्याज ३४ हजार, मुद्दल साडेसात हजार आणि वर काही. तीन वर्षं नेमानं भरत राहिलं तर बँकेत जातात पंधरा लाख. आणि कर्ज किती फिटतं? ३ लाख १३ हजार. उरलेले पावणेबारा लाखांच्या वरचे व्याजाचे.

दाजींना हे मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. १७ हजार भाडं पाण्यात जात असेल, तर ३४ हजार व्याज कुठं जातं? ते म्हणाले, "अरे, पण घर तुझं होतं ना." तेही खरं आहे. दाजींनी २०१० मध्ये सिंहगड रोडला घेतलं तेव्हा त्यांना सगळे वेडा म्हणत होते, आज त्या फ्लॅटची किंमत ऐकून तेच लोक गप्प बसतात. पण दाजी तेव्हा पुण्यात नऊ वर्षं राहिलेले होते. गल्ली, नाला, शाळा, बस, कुठल्या बिल्डरचं काम कसं, सगळं त्यांना पाठ होतं. नोकरीही पक्की. मला इथं येऊन आठ दिवस झाले होते. नवीन गावात आल्या आल्या घर घेणं म्हणजे चहापोह्याच्या कार्यक्रमातच अक्षता टाकून मोकळं होणं. आमच्या पिढीनं लग्न तसं केलं नाही, घर मात्र करतो.

म्हणून भाड्यानं राहिलो. तीन वर्षं होऊन गेली. या काळात काय काय झालं ते सांगतो, म्हणजे मी शहाणा होतो असा कुणाचा गैरसमज नको. माझं नशीब होतं.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहावर नेला. माझ्याबरोबर कामाला लागलेल्या एकानं एप्रिलमध्येच फ्लॅट घेतला होता. त्याला बँकेकडून मेसेज आला. हप्ता तेवढाच राहिला, वर्षं वाढली. त्याला आधी बरं वाटलं, नंतर त्यानं वर्षं मोजली.

मग २०२३ च्या दिवाळीनंतर कंपनीतलं आमचं खातं, म्हणजे डिपार्टमेंट, चाकणवरून रांजणगावला हललं. ज्यांनी चाकण–शिक्रापूर रस्ता कंटेनरच्या मागं उभं राहून काढलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आम्ही महिनाभराची नोटीस दिली, वाघोलीला २० हजारांचं घर घेतलं, मी कंपनीच्या बसला लागलो. मोशीचा फ्लॅट घेतला असता तर तो नुकताच ताब्यात आला असता. मग एकतर रोज तो रस्ता, नाहीतर फ्लॅट भाड्यानं देऊन १८ हजार घ्यायचे, हप्ता ४१ भरायचा आणि स्वतः वाघोलीत २० हजार भाडं द्यायचं. मोशीत त्या स्कीमचे भाव आज चढलेत, हे मान्य. दाजी दर वेळी तो आकडा काढून सांगतात. पण चढलेला भाव खाता येत नाही आणि हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला येतो.

मोशीत असतानाच एका एजंटनं आम्हाला इंद्रायणीकाठचा बंगल्याचा प्लॉट दाखवला होता. "नदीचा व्ह्यू आहे, साहेब." सांगलीच्या माणसाला नदीचा व्ह्यू विकायचा म्हणजे बघा. मी विचारलं, निळी रेषा कुठं आहे? तो म्हणाला, "ते काय असतं?" पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल. निळ्याच्या आत घर बांधता येत नाही. तो म्हणाला, "रजिस्ट्री होते ना, मग काय." होतेच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, पूररेषा बघत नाही. १७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानंही तो बदलला नाही. त्या दिवशी टीव्हीवर जेसीबी बघताना बायको उठून आत गेली. मला राग कुणाचा येत होता तेच कळत नव्हतं. त्या लोकांचंही पहिलंच घर असणार, त्यांच्याही अण्णांनी एफडी मोडलेली असणार.

आता भाड्याच्या घराचं गुणगान म्हणून कुणी हे वाचत असेल तर थांबा.

भाडेकरू म्हणून सोसायटीत राहणं हा एक वेगळा संस्कार आहे. पहिल्या सोसायटीत सामान लिफ्टनं न्यायचे तीन हजार घेतले, पावती नाही. पार्किंग मालकाच्या नावावर होतं, पण तिथं दुसऱ्याच कुणाची गाडी. व्हॉट्सअप ग्रुपवर घ्यायचं नाही, कारण "ओनर्स ओन्ली". मग पाणी बंद होणार हे आम्हाला बादली रिकामी झाल्यावर कळायचं. घर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जादा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकानं भरायचं असतं. आमच्या मालकानं ते गुपचूप आमच्या भाड्यात मिळवलं होतं. वर्षभरानं कळलं. निघताना रंगाचे म्हणून पंधरा हजार कापले. आम्ही एक खिळा ठोकला नव्हता. मुलीनं काढलेली चित्रं आम्ही कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचो. पाहुण्यांना चित्र दाखवायचं म्हणजे कपाट उघडायचं. देवघर ओट्याच्या कोपऱ्यात, आई आली की तिला ते बघवायचं नाही. ती काही बोलायची नाही, फक्त फोडणी देताना देवांवर ताट झाकायची.

आणि शाळा. मोशीतून वाघोलीला आलो तेव्हा मुलगी तिसरीत, वर्षाच्या मध्यात. नव्या शाळेत दोन महिने डबा पूर्ण खाल्ला नाही. बायकोच्या वहीत हा खर्च कुठंच नव्हता.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला तो सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. अकरा महिन्यांचाच करार करायचा असा कायदा नाही. वर्षाच्या आतल्या करारांची नोंदणी टळायची म्हणून ती जुनी सवय पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. पाच वर्षांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, करता येतो. वाघोलीच्या मालक काकांना मी म्हटलं, काका, छत्तीस महिन्यांचा करू, दर वर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाका, मुलीची शाळा मोडायला नको. काका निवृत्त बँकवाले, त्यांनाही दर वर्षी नवा भाडेकरू शोधायचा कंटाळा. लगेच हो म्हणाले. सरकारी खर्च एजंटच्या फीपेक्षाही कमी. घर घेताना वरखर्च साडेसात लाख, इथं काही हजार.

तीन वर्षांचं एकूण भाडं, दोन वेळची दलाली आणि टेम्पो धरून साडेसात लाखांच्या आसपास झालं. योगायोगानं तेवढेच.

पण एक कबुली. हप्ता आणि भाडं यांतला फरक महिना चोवीस हजारांचा. तो बाजूला टाकायचा, असं आमचं ठरलं होतं. पहिले आठ महिने एक पैसा टाकला नाही. टीव्ही आला, महाबळेश्वर झालं, माझा फोन झाला. हप्त्याला माणूस घाबरतो, स्वतःच्या शब्दाला घाबरत नाही. शेवटी बायकोनं पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापून जाईल अशी म्युच्युअल फंडाची एसआयपी लावली आणि मला पासवर्ड दिला नाही. ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांनी दाजींचं ऐकावं. मनापासून सांगतो.

"टॅक्स वाचतो" म्हणून मात्र घेऊ नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही, आणि आता आपण काही निवडलं नाही तर आपोआप नवीच लागू होते. माझ्या ऑफिसात अर्ध्या लोकांना हे हप्ता सुरू झाल्यावर कळलं.

दाजींबद्दल एक राहिलं. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासला धरणाचं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं. दाजी तिथंच, तिसऱ्या मजल्यावर. घर कोरडं, पण खाली पार्किंगमध्ये गाडी टपापर्यंत बुडाली. मी चाकणच्या मित्राची जीप घेऊन पोहोचलो तेव्हा ते जिन्यात पायरीवर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत वर. मला बघून म्हणाले, "आलास?" बाकी काही नाही. त्या दिवशी मीही ते वाक्य म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं.

आता आम्हीही घर बघतोय. रांजणगाव पक्कं झालंय, बायकोला इथल्या शाळेत कायम केलंय, मुलगी दहावीपर्यंत हलायची नाही म्हणते. वाघोलीत दोन उन्हाळे काढले, त्यामुळं आता आम्हाला कुठल्या सोसायटीला मे महिन्यात किती टँकर लागतात ते माहीत आहे. महापालिकेत गाव २०२१ ला आलं, तरी बऱ्याच सोसायट्यांच्या नळाला आम्ही बघितलं ते पाणी टँकरचंच. एका बिल्डरच्या करारनाम्यात बारीक अक्षरात ओळ सापडली, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याचा खर्च सदनिकाधारकांचा. "येईपर्यंत" या शब्दावर बायकोनं पेन्सिलनं गोल केला आणि कागद परत दिला.

गेल्या रविवारी अण्णा आले होते, त्यांना घेऊन एक तयार फ्लॅट बघायला गेलो. मागं ओढा, पण छान झाडी. एजंट लिफ्टचं बटण दाबून उभा. अण्णा काही लिफ्टमध्ये येईनात. ते मागच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले, खाली वाकले, गुडघ्याच्या उंचीवर भिंतीवर नख ओढलं. नवा रंग होता. खालून वाळलेला करडा गाळ निघाला. बोटानं चोळून मला दाखवला.

"हे बघ. रेघ."

एजंट म्हणाला, "आजोबा, ते प्लास्टर आहे."

अण्णांनी बोट धोतराला पुसलं आणि मला म्हणाले, "चल, चहा पिऊ."