स्कॉलरशिप मिळाली म्हणून मुलगा ‘डिपेंडंट’ राहत नाही? साफ खोटं

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्कॉलरशिपवर कधीच टॅक्स लागत नाही, कॉलेजच्या 1098-टी फॉर्मकडे (फी आणि स्कॉलरशिपचे आकडे असलेला कागद) बघायचीही गरज नाही. निम्म्याहून जास्त खर्च स्कॉलरशिपमधून निघाला, तर मुलगा तुमचा डिपेंडंट (टॅक्सच्या हिशोबात तुमच्यावर अवलंबून) उरत नाही. त्याला स्वतंत्र रिटर्न भरू द्या, फायदाच आहे.’ माझ्या ताईने हे खरं मानून भाच्याला तसं रिटर्न भरायलाही सांगितलं होतं. आता पुरे झालं.

सगळ्यात घातक मुद्दा शेवटचा, म्हणून आधी तोच. मुलगा निम्म्याहून जास्त खर्च स्वतःच्या पैशातून करत असेल तर तो डिपेंडंट राहत नाही, हा नियम आहे. पण पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाची स्कॉलरशिप त्या हिशोबात धरतच नाहीत! तो 24 वर्षांखालचा असेल, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर पूर्ण स्कॉलरशिप असली तरी डिपेंडंटच. हॉस्टेलवर राहतो म्हणूनही काही बिघडत नाही. स्वतंत्र झाल्याची वेगळी सूट त्याला मिळत नाही. 2018 पासून ती शून्य आहे. आईवडिलांचं मात्र 500 डॉलरचं क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधून वजा होणारी रक्कम, जातं, आणि शिक्षणाचं 2,500 डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळणार असेल तर तेही. फायदा नेमका कुणाचा?

‘कधीच टॅक्स नाही’ हेही चूक. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, पब्लिकेशन 970 उघडा, तिथे स्पष्ट लिहिलंय: पदवीसाठी शिकणाऱ्याची ट्यूशन, सक्तीची फी आणि कोर्सला लागणारी पुस्तकं-साहित्य यांपुरती स्कॉलरशिप करमुक्त. राहणं, जेवण, प्रवास यांवर गेलेली रक्कम उत्पन्नात धरायची. समजा, 1098-टी वर पाचव्या चौकटीत स्कॉलरशिप 49,000, पहिल्या चौकटीत ट्यूशन 28,000, आणि पुस्तकांना 1,000 लागले. उरलेले 20,000 डॉलर मुलाचं उत्पन्न.

बहुतेकांना टॅक्स भरावा लागत नाही, एवढं मान्य. ही रक्कम स्टँडर्ड डिडक्शनसाठी (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) कमाईसारखी धरतात आणि 2025 साठी ते 15,750 पर्यंत मिळतं. पण वरच्या उदाहरणात, दुसरं उत्पन्न नसलं तरी, 4,250 उरतात. इथे ‘किडी टॅक्स’ आडवा येतो: त्यासाठी हीच रक्कम न कमावलेली मानतात आणि आईवडिलांच्या दराने कर लावतात. ते 22 टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर 935 डॉलर. मुलाच्या 10 टक्के दराने 425 झाले असते.

आणि फॉर्मकडे बघायचंच नाही? स्कॉलरशिपच्या अटींत बसत असेल तर ट्यूशनपैकी 4,000 डॉलर स्कॉलरशिपऐवजी स्वतः भरल्याचं दाखवता येतं. मग तेवढी स्कॉलरशिप राहण्याजेवणावर गेली असं धरून मुलाच्या उत्पन्नात तेवढी भर पडते, 22 टक्क्यांनी 880 डॉलर कर वाढतो, पण पालकांना 2,500 चं क्रेडिट मिळू शकतं. आईवडिलांचं मिळून उत्पन्न 1,60,000 च्या वर गेलं की हे क्रेडिट कमी होत जातं आणि 1,80,000 ला संपतं. तेव्हा मुलाचं रिटर्न पाठवण्याआधी दोन्ही रिटर्नं शेजारी ठेवून आकडे मांडा.