घडीच्या घोडीवरचा किलोचा आकडा काय सांगतो?

घडीची घोडी म्हणजे फळी किंवा प्लाय कापताना, तासताना खाली ठेवायचा, दुमडता येणारा पायांचा आधार; ती जोडीने वापरतात. ‘घडीची घोडी घेताना फक्त वजनक्षमता बघा, जितके किलो जास्त तितकी घोडी पक्की’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे.

खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा जोडीचा असतो, एका घोडीचा नव्हे. तोही वजन सपाट जमिनीवर, सारखं पसरून, स्थिर ठेवलं असेल तरच लागू. घरच्या कामात एवढं वजन येतंच कुठे? आठ बाय चार फुटांची १८ मिमी प्लायची अख्खी शीट साधारण ३०-३५ किलोची भरते. खरा ताण येतो तो आडवा: रंधा मारताना, करवत ओढताना. त्यामुळे घोडी उघडून लॉक लावा आणि वरच्या पट्टीला लांबीच्या दिशेने ढकलून बघा. बिजागरीत खडखड झाली, पाय झुलले, तर किलो कितीही छापलेले असोत, ती नको.

‘धातूची घोडी लाकडीपेक्षा केव्हाही सरस’ हेही सरसकट खरं नाही. धातूच्या पट्टीला पातं लागलं की दात गेलेच. वर लाकडी पट्टी स्क्रूने बसवता येते का, ते आधी विचारा.

आणि दोन घोड्यांवर शीट टाकून मधोमध कापू नका, मग घोडी कितीही मजबूत असो. काप मिटत जातो, पातं अडकतं आणि सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत) उसळून अंगावर येते. कापाच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. शीटखाली, एका घोडीवरून दुसरीवर जातील अशा दोन लांब रिपा आडव्या टाकल्या तरी भागतं.