उशिरा सुटलेलं विमान, हुकलेलं कनेक्शन, मागे राहिलेली बॅग : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

युरोपातून घरी परतताना तुमचं पहिलं विमान २ तास ५० मिनिटं उशिरा सुटलं. ९५ मिनिटांचं कनेक्शन हुकलं, रात्र विमानतळावरच्या खुर्च्यांवर गेली, बॅग मागे राहिली आणि शेवटच्या टप्प्याचं तुम्ही वेगळं काढलेलं तिकीट वाया गेलं. एवढं होऊन आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसने फक्त ‘काउंटरची लाइन सोडू नका’ असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. लहान मुलांना घेऊन अशी रात्र काढणं फार त्रासाचं असतं. उत्तर सविस्तर देतोय, कारण यातल्या काही कामांना मुदत आहे.

आधी लाइनबद्दल. चेक-इन झालं की ई-तिकिटाच्या कूपनचं (प्रत्येक टप्प्याच्या नोंदीचं) स्टेटस ‘ओपन’ राहत नाही आणि तिकिटाचा ताबा विमानतळावरच्या स्टाफकडे जातो. आम्हाला ते तिकीट सिस्टीमवर दिसतं, पण रीइश्यू करता, म्हणजे बदलून नवं काढता येत नाही. विमान कंपनीने कूपन पुन्हा ‘ओपन’ केलं तरच आमचा हात पोचतो. म्हणून अशा वेळी काउंटरची लाइन धरायची आणि उभ्या उभ्याच कंपनीचं अ‍ॅप व हेल्पलाइनही चालू ठेवायची. तिन्हींपैकी जिथे आधी सीट मिळेल ती घ्यायची. ट्रेनने थेट दुसऱ्या विमानतळावर जाऊ का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा आम्ही ठाम ‘नको’ म्हटलं. पहिला टप्पा सोडला की नो-शो (‘प्रवासी आलाच नाही’ अशी नोंद) पडतो आणि त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे रद्द होतात. मग सकाळच्या विमानातली सीट पदरचे पैसे भरून घ्यावी लागली असती.

बोर्डवर अर्धा-अर्धा तास वाढत गेला, ‘एकदाच खरं का सांगत नाहीत’ हा तुमचा राग रास्त आहे. धुक्यात उतरणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाला कमी विमानं उतरतात. तुमचं विमान ज्या शहरातून यायचं होतं तिथेच ते अडकलं होतं. युरोपात अशा वेळी ब्रुसेल्सहून युरोकंट्रोल ही हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था प्रत्येक विमानाला उड्डाणाची वेळ ठरवून देते. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत चाकं धावपट्टीवरून उचलली गेली पाहिजेत. ती संधी हुकली की नवी वेळ मिळते आणि बोर्डवरचा आकडा पुढे सरकतो. तुमच्या बाबतीत धुकं विरल्यावरही विमान उभंच होतं, कारण क्रूची ड्यूटीची कमाल वेळ संपत आली होती आणि दुसरा क्रू यायचा होता, असं तुम्हीच लिहिलंय. हा तपशील तुमच्या क्लेमसाठी फार मोलाचा आहे.

तो असा : तुमचा प्रवास युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुरू झाला, म्हणून २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर होती, त्यामुळे उशीर त्या बुकिंगवरच्या शेवटच्या ठिकाणी पोचण्याच्या वेळेवरून मोजतात. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरो भरपाई आहे. निव्वळ धुक्यामुळे उशीर झाला तर ती मिळत नाही. पण ‘कारण आमच्या हाताबाहेरचं होतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते आणि क्रूची अडचण सहसा त्यात बसत नाही. जेवण, हॉटेल आणि तिथवरची ने-आण मात्र धुकं असलं तरी द्यावीच लागते. त्या रात्री तुम्हाला हॉटेल मिळायलाच हवं होतं. खाण्यापिण्याची बिलं ठेवली असतील तर ती वसूल होतात.

९५ मिनिटं कमी होती का? त्या विमानतळाच्या किमान कनेक्शन वेळेपेक्षा ती जास्त होती आणि एवढ्या उशिरापुढे अडीच तासही पुरले नसते. आमच्या मते हिवाळ्यात त्याहून महत्त्वाचं असतं ते दिवसातलं शेवटचं विमान टाळणं. मागून आणखी एक विमान असलं की रात्र वाचते.

शेवटच्या टप्प्याचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असल्यामुळे त्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त आला नाहीत. भाडं बहुधा जाईल. वापरलं न गेलेलं विमानतळ शुल्क आणि कर मात्र मागून पाहा, अनेकदा मिळतात.

बॅग उशिरा मिळाली, तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार हवी. मोडतोड असेल तर ७ दिवसांत. हे १९९९ च्या माँट्रियल करारात आहे. विमानतळावर भरलेला पीआयआर फॉर्म (बॅगेच्या तक्रारीची नोंद) पुरेल असं धरून चालू नका, कंपनीला वेगळा ईमेल करा. दरम्यान घेतलेले कपडे, मुलांचं सामान यांचा वाजवी खर्च मागता येतो. मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). पुढे कधी विमान बदलून मिळालं, तर त्याच काउंटरवर बॅगेची पावती दाखवून बॅग नव्या फ्लाइटला जोडून घ्या. टॅगवर जुना फ्लाइट नंबर राहिला की बॅग बाजूला पडते.

बोर्डिंग पास, बॅग टॅगची पावती, पीआयआर नंबर, बिलांचे फोटो आणि त्या बुकिंगवरच्या शेवटच्या ठिकाणी विमानाचं दार उघडलं ती वेळ, एवढं बुकिंगच्या ईमेलवरच पाठवा. उशिराचा आणि बॅगेचा, दोन्ही क्लेम आम्ही भरून देतो, त्याचं शुल्क घेणार नाही. कंपनीने क्लेमऐवजी व्हाउचर देऊ केलं, तर आम्हाला दाखवल्याशिवाय ते स्वीकारू नका.