दाजी, चोवीस विकेट दिसत नाहीत का ओ?

काल परत तेच. पंगत बसली, भाकरी मोडायच्या आत दाजींनी विषय काढला, म्हणे २०२३ च्या वर्ल्डकपचा प्लेअर ऑफ द टूर्नामेंट कोहलीच, ७६५ रन काढलेत, विषय संपला. संपला काय संपला? डोकं फिरतं राव माझं.

कोहली भारी खेळला, नाही कोण म्हणतंय, एका वर्ल्डकपात इतके रन त्याच्याआधी कुणीच काढले नव्हते. पण ते ११ मॅचमध्ये. आपला फास्ट बॉलर मोहम्मद शमी, त्यानं सातच मॅचमध्ये २४ विकेट काढल्या, अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त! पहिल्या चार मॅच बाहेर बसवलेला गडी, पुण्याजवळ गहुंज्यात हार्दिकचा घोटा दुखावला म्हणून पुढं टीमची फिरवाफिरवी झाली आणि धर्मशाळेत ह्याला घेतलं, नाहीतर पाणीच वाटत बसला असता. आणि आल्या आल्या पहिल्याच बॉलला न्यूझीलंडच्या विल यंगचा दांडा.

दाजींचं ठरलेलं उत्तर, "मॅच कमी खेळला ना पण." अहो दाजी, कमी खेळून जास्त विकेट काढल्या हा गुन्हा झाला का?

वानखेडेची सेमी आठवा जरा. आपले ३९७ होऊनपण घरात सगळे गप्प, न्यूझीलंडचे विल्यमसन आणि मिचेल हलेनात, त्यात बुमराच्या बॉलवर मिडऑनला विल्यमसनचा कॅच सोडला तो शमीनंच. दाजींनी तेव्हा ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. मग तोच शमी बॉलिंगला आला, एकाच ओव्हरमध्ये विल्यमसन गेला, लॅथम गेला, आणि सोफ्यावर चढून नाचत कोण होतं? दाजीच! ५७ रन देऊन ७ विकेट, आणि आता म्हणे कोहली.

वर "बॉलरला कुठं देतात रे". २०१५ ला ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कला दिलीच की, ८ मॅचमध्ये २२ विकेटवर. मग आपल्याच माणसाच्या वेळी काय झालं?

ताई म्हणाली आमटी गार झाली, जेवा आधी. कसलं जेवतोय, दाजींनी लगेच २०११ काढलं, म्हणे तेव्हा युवराजला दिली ते चूक, झहीरला पाहिजे होती, २१ विकेट होत्या त्याच्या. तिथं बरा बॉलर चालतो! दाजी झहीरच्याच गावचे, श्रीरामपूरचे आहेत हे सांगायचं राहिलं.