अंटार्क्टिकाचे समुद्री कोळी ‘सगळीकडे सारखेच’ नाहीत

एक दावा सध्या बराच फिरतोय: अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र सलग आहे, प्रवाह खंडाभोवती गोल फिरतो, म्हणून तळावरचे जीव सगळीकडे सारखेच; तिथल्या एका भागाला, रॉस समुद्राला, संरक्षण मिळालं, तेवढं पुरे. पुराव्यादाखल समुद्री कोळ्यांचं, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब पायांच्या, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या जीवांचं, नाव घेतलं जातं, आणि तेच या दाव्याच्या मुळावर येतं.

‘इतक्या थंडीत विविधता कुठली?’ जगभरात समुद्री कोळ्यांच्या 1300 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा दक्षिण महासागरात, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीच्या याच समुद्रात, सापडतो.

‘प्रवाह सगळ्यांना मिसळतो.’ मिसळेल, पण पाण्यावर तरंगणाऱ्या अळ्या असतील तर. बहुतेक समुद्री कोळ्यांत अंडी बापाकडे असतात. खास त्यासाठीच्या बारीक पायांवर ती चिकटवून तो वागवतो. निम्फॉन या समुद्री कोळ्यांच्या गटातल्या काही प्रजातींत पिल्लंही काही काळ त्याच्याच अंगावर वाढतात. कोलोसेन्डीस या महाकाय कोळ्याचा नर मात्र अंड्यांसह कधी कुणाला दिसलाच नव्हता. ते कोडं 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून सुटलं: अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या मॅकमर्डो साउंडमधून आणलेल्या कोळ्यांनी टाकीत अंडी घातली, ती दगडाला चिकटवली, आणि तिथेच ती कित्येक महिने वाढली. प्रवाहात अंडी सोडून देण्याची रीत इथे नाहीच.

‘दिसायला सारखे, म्हणजे प्रजाती एकच.’ महाकाय कोळ्यांतल्याच कोलोसेन्डीस मेगालोनिक्सबद्दल असंच मानत होते. 2010 मध्ये मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए तपासला, तर एका नावाखाली अनेक जुन्या, दूर गेलेल्या शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेला लगेच प्रजाती म्हणणंही घाईचं होईल. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि 2015 मध्ये पेशीकेंद्रातला डीएनए जोडीला घेतल्यावर काही शाखांमध्ये संकर झाल्याचं दिसलं. पण त्याच अभ्यासात प्रदेशागणिक फरकही स्पष्ट दिसतो.

दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: निम्फॉन ऑस्ट्रेल अंटार्क्टिकाभर खरोखर एकच प्रजाती ठरते. तरी अंटार्क्टिक द्वीपकल्प, वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिका इथले तिचे गट जनुकांवरून वेगळे ओळखू येतात. गेल्या हिमयुगात बर्फाने उथळ तळ व्यापला, तेव्हा ते वेगवेगळ्या जागी तग धरून राहिले असावेत, असं 2017 चा अभ्यास सांगतो.

म्हणून ‘रॉस समुद्र पुरे’ हे मला अजिबात पटत नाही. तिथलं 15.5 लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र 2016 मध्ये मंजूर झालं, त्याचं मोल मोठंच आहे. पण वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिकाचे प्रस्ताव वर्षानुवर्षं रखडलेत, आणि तिथल्या कोळ्यांचा वारसा रॉस समुद्रात जपला जात नाही.