घरबसल्या मिडवाइफ होता येतं म्हणे!

रविवारी पोहे खाता खाता फोन उघडला तर तीन जणींकडून एकच मेसेज. मजकूर थोडक्यात असा की गृहिणींसाठी सुवर्णसंधी, १०वी पास चालेल, वयाची अट नाही, ६ महिन्यांत घरबसल्या मिडवाइफरी डिप्लोमा, सरकारमान्य, अमेरिकेतही आता असंच शिकतात, आणि शेवटी टोमणा, आपल्या जुन्या सुइणी कुठे कॉलेजात गेल्या होत्या? पाठवणाऱ्यांपैकी एक माझ्या नणंदेची जाऊ, इथेच रामबागेत राहते, वय ३९, तिने खाली विचारलेलं, "वहिनी, भरू का फी?" म्हणून लिहायला बसले, नाहीतर असले मेसेज मी पूर्ण वाचतही नाही.

आधीच सांगते, मी दूरशिक्षणाच्या विरोधात मुळीच नाहीये. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा केलेली, इंदूरलाच लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली आणि चाळिशीच्या तोंडावर इग्नूचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दूरशिक्षणानेच केलं, नाइट ड्यूटीवरून येऊन असाइनमेंट लिहायचे, डोळे मिटलेले आणि पेन चालू. पण तिथे फॉर्म भरायलाच अट होती की जीएनएम झालेलं हवं, नर्स आणि मिडवाइफ म्हणून रजिस्ट्रेशन हवं, आणि वर १२वीवाल्यांना २ वर्षं तर १०वीवाल्यांना ५ वर्षं कामाचा अनुभव. म्हणजे हात आधी तयार, पुस्तक नंतर. मेसेजवाले नेमकं हेच उलटं करून विकतायत.

आता 'सरकारमान्य'. बाळंतपण करायचा अधिकार सर्टिफिकेटने मिळत नाही, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनने मिळतो, आपल्याकडे मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिल, भोपाळ. आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत जे विषय दूरशिक्षणाने शिकवायचे नाहीत त्यांच्या यादीत नर्सिंग आहे. सगळ्यात छोटा रस्ता म्हणजे एएनएम, सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स, तोही १२वीनंतर २ वर्षं, रोज हजेरी लावून. मेसेजमधल्या सर्टिफिकेटवर आयएसओचा शिक्का आहे, तो तर उद्या शेव बनवणाऱ्यालाही मिळेल.

सुइणींचा मुद्दा मात्र ऐकायला भारी वाटतो, आणि तोच सगळ्यात खोटा आहे. अहो, कॉलेजात गेली नाही हे खरं, पण एक तरी सुईण लांब बसून शिकली का? सासूच्या नाहीतर मावशीच्या मागे वर्षानुवर्षं गेली, आधी पाणी तापवलं, कंदील धरला, मग कधीतरी पोटाला हात लावायला मिळाला. सुईण हे तर हजेरीच्या शिक्षणाचं उदाहरण झालं!

माझी पहिली पीव्ही, म्हणजे गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय याची आतून तपासणी, अजून आठवते. लाकडी पाटीवर १ ते १० सेंटीमीटरची भोकं असतात, त्यात बोटं घालून घालून मी सराव केलेला, एकदम आत्मविश्वास. प्रत्यक्षात तपासलं आणि म्हटलं ६. सिस्टरनी स्वतः बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ४, परत बघ, तोंड माझ्याकडे नको करू, बोटांकडे लक्ष दे. २ सेंटीमीटरची चूक म्हणजे काय, तर पार्टोग्राफची, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायच्या तक्त्याची, रेघच चुकीच्या जागी सुरू, बाई अडलीये की नीट चाललीये हेच कळणार नाही. तसंच बाळ झाल्यावर गर्भाशय हाताला क्रिकेट बॉलसारखं टणक लागलं पाहिजे, कणकेसारखं मऊ लागलं तर रक्तस्राव सुरू होतोय असं समजून लगेच चोळायला घ्यायचं. हा बॉल आणि ही कणीक व्हिडिओत कशी दाखवणार? म्हणून तर आमच्या लॉगबुकात ३० गरोदर बायकांची तपासणी आणि २० नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हाताने केलेल्या लागायच्या, प्रत्येकीपुढे सही. आपल्या मप्रत तर रीतसर कॉलेजांचीसुद्धा हायकोर्टाने सीबीआय चौकशी लावली, का तर कित्येकांकडे शिकवायला धड हॉस्पिटलच नाही अशा तक्रारी होत्या. कॉलेज असून वॉर्ड नसला तर एवढं, मग इथे तर कॉलेजही नाही आणि वॉर्डही नाही.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. केंटकीत फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी आहे, १९३९ पासूनची शाळा, १९८९ पासून दूरशिक्षणाने मिडवाइफ घडवतेय आणि चांगल्या घडवतेय. पण प्रवेश फक्त रजिस्टर्ड नर्सना, आणि थिअरी घरून केली तरी बाळंतपणं आपल्या गावातल्या अनुभवी मिडवाइफच्या शेजारी उभं राहूनच करायची. ब्रिटनमध्ये तर पात्र व्हायला ४० बाळंतपणं लागतात. आपल्याकडे २०१८ च्या धोरणातून नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी आलं, १८ महिन्यांचं, तेही आधी नर्स असलेल्यांसाठीच.

वयाबद्दल वाईट वाटतं पण खोटं कशाला बोलू, एएनएम आणि जीएनएमला वय १७ ते ३५. आधी एएनएम असलात तर जीएनएमला वयाची अट नाही, बाकीच्यांना आहे. मला स्वतःला हा नियम पटत नाही, दोन पोरं वाढवलेली ३९ची बाई लेबर रूममध्ये १९च्या पोरीपेक्षा कमी घाबरते, मी बघितलंय. पण नियम चुकीचा वाटला म्हणून खोटं सर्टिफिकेट खरं होत नाही.

तरी नणंदेच्या जाऊबाईंच्या समाधानासाठी मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने फी सांगितली, ईएमआय सांगितला, गळ्यात घालायचं आयकार्डसुद्धा मिळेल म्हणाला. मी विचारलं, भैया, डिलिव्हरी किस हॉस्पिटल में करवाओगे? दोन सेकंद शांत. मग म्हणाला, "मॅडम, प्रॅक्टिकल की पीडीएफ आती है ना."

रेकॉर्डिंग जाऊबाईंना पाठवलंय.